हरत राहणारा संघ बुडत का नाही?

२६ जून २०२५ रोजी अमेरिकेतील ओहायो राज्याच्या हॅमिल्टन काउंटीच्या तीन आयुक्तांनी दोन विरुद्ध एक अशा मतांनी एक भाडेकरार मंजूर केला. सिनसिनाटी शहरातील फुटबॉल स्टेडियमच्या नूतनीकरणावर ४७ कोटी डॉलर खर्च व्हायचे असून त्यांपैकी ३५ कोटी काउंटीने, म्हणजे आपल्याकडच्या जिल्हा परिषदेशी नाते सांगणाऱ्या स्थानिक संस्थेने, द्यायचे आणि उरलेले १२ कोटी तेथे खेळणाऱ्या सिनसिनाटी बेंगल्स या संघाने द्यायचे, असे या करारात ठरले. संघाचे नाव बंगालच्या वाघावरून घेतलेले आहे, पण त्याची कामगिरी वाघाला शोभणारी आहे असे त्याचे चाहतेही म्हणणार नाहीत. जानेवारी १९९१ मध्ये बाद फेरीतला एक सामना जिंकल्यानंतर तसा दुसरा सामना जिंकायला या संघाला जानेवारी २०२२ उजाडावा लागला आणि मधल्या सगळ्या काळात संघाची सूत्रे एकाच कुटुंबाच्या, किंबहुना मुख्यतः एकाच माणसाच्या हातात होती.

कोणताही धंदा तीस वर्षे गिऱ्हाइकाला निराश करून टिकत नाही, ही आपली साधी समजूत असते. मग हा संघ टिकला कसा आणि वर त्याला जनतेच्या पैशातून स्टेडियम कसे मिळते? अमेरिकेत राहणाऱ्या नातेवाइकांमुळे किंवा रात्री उशिरा दिसणाऱ्या थेट प्रक्षेपणामुळे या खेळाकडे वळलेल्या मराठी वाचकाला हा प्रश्न हमखास पडतो. त्याचे उत्तर मैदानावर सापडत नाही. ते लीगच्या रचनेत आणि हिशेबाच्या वह्यांत आहे.

येथे फुटबॉल म्हणजे लांबट चेंडूने, हेल्मेट घालून खेळला जाणारा अमेरिकन फुटबॉल आणि लीग म्हणजे १९२० साली स्थापन झालेली नॅशनल फुटबॉल लीग, संक्षेपाने एनएफएल, असे समजावे. या लीगमध्ये ३२ संघ आहेत. ‘लहान बाजारपेठेचा संघ’ म्हणजे ज्याच्या शहरात आणि आसपास टीव्ही पाहणारी, तिकिटे घेणारी व जाहिराती देणारी मंडळी तुलनेने कमी आहेत असा संघ. न्यूयॉर्कच्या परिसरात सुमारे दोन कोटी लोक राहतात, तर सिनसिनाटीच्या परिसरात जेमतेम साडेबावीस लाख.

संघ म्हणजे परमिट

मुंबईत नव्या रिक्षांना परमिट देणे बंद होते तेव्हाची स्थिती आठवून पाहावी. रिक्षा जुनी असो, मीटर बिघडलेला असो, चालक उर्मट असो, परमिटाची किंमत कमी होत नसे, कारण परमिटांची संख्या गोठलेली होती आणि रस्त्यावर उतरू पाहणारे मात्र वाढत होते. आता अशी कल्पना करावी की, शहरात फक्त ३२ परमिटे आहेत, तेहेतिसावे द्यायचे की नाही हे ती ३२ परमिटे असलेलेच ठरवतात आणि दिवसभराच्या एकूण भाड्यातला मोठा हिस्सा एका पेटीत जमा होऊन संध्याकाळी सर्वांत सारखा वाटला जातो. एनएफएलचा संघ म्हणजे असे परमिट होय. त्याला ‘फ्रँचायझी’ म्हणतात. ठरावीक शहरात लीगच्या नावाने खेळण्याचा तो हक्क असतो आणि विकला जातो तोही हा हक्कच. खेळाडू बदलतात, प्रशिक्षक बदलतात, स्टेडियमही पाडून नवे बांधले जाते, हक्क मात्र कायम राहतो.

अशा लीगला ‘बंद लीग’ म्हणतात. युरोपातील फुटबॉलमध्ये तळाचे संघ खालच्या श्रेणीत ढकलले जातात आणि खालचे वर येतात, तशी व्यवस्था येथे नाही. बेंगल्सने २००२ साली १६ पैकी १४ सामने गमावले, २०१९ साली पुन्हा तितकेच गमावले आणि दोन्ही वेळा पुढच्या वर्षी ते त्याच ३१ प्रतिस्पर्ध्यांबरोबर, त्याच हक्कांनिशी, पहिल्या दिवसापासून खेळू लागले.

सगळ्यांचा पैसा एका पेटीत

पण नुसत्या बंद दारामुळे कोणी श्रीमंत होत नाही. खरा खेळ त्या पेटीचा आहे आणि तिचा इतिहास नीट पाहण्यासारखा आहे, कारण ती लबाडीतून निर्माण झालेली नाही.

१९६० च्या सुमारास प्रत्येक संघ टीव्ही प्रक्षेपणाचे हक्क स्वतंत्रपणे विकत असे. न्यूयॉर्कच्या संघाला भरपूर पैसे मिळत आणि विस्कॉन्सिन राज्यातील ग्रीन बेसारख्या गावाच्या संघाला किरकोळ. लीगचे तरुण आयुक्त पीट रोझेल यांनी मालकांना पटवले की सगळ्यांनी मिळून हक्क विकावेत आणि पैसे सारखे वाटून घ्यावेत. सर्वाधिक तोटा होणार होता तो न्यूयॉर्क जायंट्सच्या मारा कुटुंबाचा, पण त्यांनीही होकार दिला, कारण खेळायला तुल्यबळ प्रतिस्पर्धीच उरले नाहीत तर आपल्या सामन्यांना तरी कोण येणार, हे त्यांना दिसत होते. स्पर्धकांनी एकत्र येऊन भाव ठरवणे अमेरिकी कायद्यात एरवी गुन्हा ठरते, म्हणून १९६१ साली खास कायदा करून खेळांच्या लीगना या बाबतीत सूट देण्यात आली. १९६२ पासूनचा पहिला सामाईक करार वर्षाला ४६.५ लाख डॉलरचा होता आणि तेव्हाच्या १४ संघांत त्याची समान वाटणी झाली.

आज ही रक्कम कल्पनेपलीकडे गेली आहे. मार्च २०२१ मध्ये जाहीर झालेले अकरा वर्षांचे प्रक्षेपण करार मिळून सुमारे ११० अब्ज डॉलरचे आहेत. इतर संघ आपले हिशेब खासगी ठेवतात, परंतु ग्रीन बे पॅकर्स या संघाला ते जाहीर करावे लागतात आणि त्यावरून सगळ्यांचाच हिस्सा कळतो. २०२४-२५ या आर्थिक वर्षात पॅकर्सला सामाईक पेटीतून ४३ कोटी २६ लाख डॉलर मिळाले. बेंगल्सलाही तितकेच मिळाले आणि त्या हंगामात तळाशी राहिलेल्या संघालाही तितकेच.

याच्या शेजारी दुसरा आकडा ठेवावा. १९९४ पासून लीगमध्ये ‘सॅलरी कॅप’ आहे, म्हणजे एका संघाने वर्षभरात खेळाडूंच्या पगारावर किती खर्च करायचा याची कमाल मर्यादा. २०२५ साली ती २७ कोटी ९२ लाख डॉलर होती. संघाचा सर्वांत मोठा खर्च मर्यादेपर्यंत केला, तरी तो सामाईक पेटीतून आलेल्या पैशातच भागतो आणि वर पंधरा कोटींच्या आसपास उरतात. एकही तिकीट विकले जाण्यापूर्वीची ही स्थिती आहे. त्यानंतर येणारी तिकिटे, वाहनतळ, खाद्यपेये, स्टेडियमच्या नावाचे हक्क ही सगळी वरकड कमाई होय. तिकिटांच्या पैशांपैकीही ३४ टक्के पाहुण्या संघांचा वाटा म्हणून पुन्हा सामाईक पेटीत जातात आणि समान वाटले जातात, म्हणजे आपले स्टेडियम ओस पडले तरी दुसऱ्यांच्या भरलेल्या स्टेडियममधले थोडे पैसे आपल्याकडे येतातच.

ही व्यवस्था नसती तर सुमारे एक लाख सात हजार वस्तीच्या ग्रीन बेमध्ये आज व्यावसायिक फुटबॉल उरले नसते. लहान शहराचे न्यूयॉर्कपासून रक्षण करण्यासाठी बांधलेली ही भिंत आहे. अडचण इतकीच की भिंतीला आत कोण बसले आहे हे कळत नाही. ती शहराचे जितके रक्षण करते तितकेच त्या शहराच्या माथी बसलेल्या निष्काळजी मालकाचेही करते. मला वाटते की या विषयावरचा बहुतेक संताप एवढ्या एका गोष्टीपाशी येऊन अडतो, कारण मालकाला शिक्षा होईल अशा बेताने भिंत पाडली तर आधी शहरच उघडे पडते.

हरण्याचे बक्षीस

भिंतीला आणखी एक पदर आहे. महाविद्यालयांतून येणाऱ्या नव्या खेळाडूंची वाटणी दरवर्षी ‘ड्राफ्ट’ नावाच्या पद्धतीने होते. मागच्या हंगामात सर्वांत वाईट खेळलेला संघ पहिला खेळाडू निवडतो, विजेता संघ शेवटी. ही कल्पना बर्ट बेल या मालकाची. त्यांचा फिलाडेल्फियाचा संघ सतत हरत असे आणि चांगले खेळाडू जिंकणाऱ्या संघांकडेच जात. १९३६ साली पहिला ड्राफ्ट झाला.

याचा परिणाम असा की सलग हरणाऱ्या संघाच्या पदरात व्यवस्थाच कधीतरी रत्न टाकते. २०१९ च्या त्या दारुण हंगामामुळे बेंगल्सला २०२० साली पहिली निवड मिळाली आणि त्यांनी ओहायोतच वाढलेला जो बरो हा क्वार्टरबॅक घेतला. क्वार्टरबॅक म्हणजे आक्रमणाचे सूत्रसंचालन करणारा आणि चेंडू फेकणारा खेळाडू. दुसऱ्याच हंगामात, फेब्रुवारी २०२२ मध्ये, संघ अंतिम सामन्यात पोहोचला आणि लॉस एंजेलिस रॅम्सकडून २३-२० असा निसटता हरला. तीस वर्षांचा कारभार एका निवडीने क्षम्य वाटू लागला.

ड्राफ्टची दुसरी बाजू खेळाडूची आहे. ज्या संघाने निवडले त्याच संघाशी तो पहिली चार-पाच वर्षे बांधला जातो. नोकरी कोणाकडे करायची हे त्याला ठरवता येत नाही. २००३ साली बेंगल्सनेच पहिल्या क्रमांकाने निवडलेला कार्सन पामर २०११ मध्ये इतका कंटाळला की, मला दुसऱ्या संघात पाठवा, नाहीतर मी निवृत्त होतो, असे त्याने कळवले. काही महिन्यांनी त्याची ओकलंडच्या संघात बदली झाली, पण त्यासाठी कोट्यवधींच्या पगारावर पाणी सोडण्याची तयारी त्याला दाखवावी लागली. इतर धंद्यांत वाईट मालकाला चांगली माणसे सोडून जातात आणि तो शुद्धीवर येतो, तो मार्ग येथे बराचसा बंद आहे.

सिनसिनाटीचा एक मालक

आता मालकाकडे वळू. बेंगल्सची स्थापना पॉल ब्राउन यांनी केली. संघ १९६८ साली मैदानात उतरला. पॉल ब्राउन हे या खेळातील थोर प्रशिक्षकांपैकी एक, त्यामुळे त्यांच्या काळात संघ १९८२ आणि १९८९ साली अंतिम सामना खेळला. ऑगस्ट १९९१ मध्ये त्यांचे निधन झाले आणि मुलगा माइक ब्राउन यांच्याकडे कारभार आला. १९९१ ते २००२ या बारा हंगामांत संघाने ५५ सामने जिंकले आणि १३७ गमावले. १९९१ ते २००४ या काळात एकाही हंगामात विजयांची संख्या पराभवांपेक्षा जास्त झाली नाही. ज्या लीगची सारी रचनाच तळाच्या संघाला वर ढकलण्यासाठी आहे तिथे इतका काळ तळाशी राहायला एक प्रकारची चिकाटी लागते.

ही चिकाटी कशात होती? सॅलरी कॅपमुळे खेळाडूंवरचा खर्च सगळ्यांचा साधारण सारखा असतो. काही वर्षांच्या सरासरीने मर्यादेच्या नव्वद टक्क्यांच्या आसपास तो करावाच लागतो, असाही नियम आहे. परंतु खेळाडू शोधणारे निरीक्षक, वैद्यकीय सोयी, सरावाच्या जागा, प्रशिक्षकांचा ताफा यांवर ना कमाल मर्यादा आहे ना किमान. चांगला मालक आणि वाईट मालक यांच्यातला फरक नेमका या मर्यादा नसलेल्या खर्चात दिसतो. बेंगल्सचा खेळाडू शोधणारा विभाग वर्षानुवर्षे लीगमधील सर्वांत लहान विभागांपैकी एक होता. बहुतेक संघांत जनरल मॅनेजर, म्हणजे खेळाडूंच्या निवडीचा स्वतंत्र जबाबदार अधिकारी असतो, येथे ते पदच नव्हते आणि अंतिम शब्द मालकाचा असे. हिवाळ्यात गोठणाऱ्या या शहरात संघाला स्वतःचे छताखालचे सराव मैदान मिळाले ते २०२२ साली.

१९९९ च्या ड्राफ्टमध्ये न्यू ऑर्लिन्सचा संघ एका खेळाडूसाठी आपल्या जवळजवळ सगळ्या निवडी देऊ करत होता. बेंगल्सने तो देकार नाकारून तिसऱ्या क्रमांकाने अकिली स्मिथ हा क्वार्टरबॅक घेतला. त्याने बेंगल्सकडून १७ सामन्यांची सुरुवात केली आणि त्यांतले तीन जिंकले. चूक कोणाकडूनही होते. प्रश्न असा की, अशा चुकीनंतर निर्णय घेणारा माणूस बदलतो का. कंपनीत संचालक मंडळ त्याला बदलते. येथे निर्णय घेणाराच मालक होता आणि त्याने स्वतःला बदलण्याचे काही कारण हिशेबाच्या वहीत दिसत नव्हते.

न्याय करायचा तर हेही सांगायला हवे की माइक ब्राउन यांनी प्रशिक्षक मार्विन लुइस यांना २००३ पासून सोळा हंगाम दिले, त्यांतले सात हंगाम संघ बाद फेरीत गेला (आणि सातही वेळा पहिल्याच सामन्यात हरला), तसेच २०२३ साली जो बरोशी पाच वर्षांचा २७ कोटी ५० लाख डॉलरचा करारही केला. ‘कंजूष मालक’ हे सरसकट लेबल आता त्यांना चिकटत नाही. तरीही बरोसारखा खेळाडू असताना २०२३ आणि २०२४ या दोन्ही हंगामांत संघ बाद फेरीबाहेर राहिला.

येथे एक बारकावा आहे जो चाहत्यांच्या भांडणात निसटतो. ब्राउन कुटुंबाची सारी संपत्ती म्हणजे हा संघ होय. तेलविहिरी किंवा सॉफ्टवेअर कंपनी विकून संघ घेतलेल्या मालकाकडे रोख पैसा असतो, वारशाने संघ मिळालेल्या कुटुंबाकडे अब्जावधींचे मूल्य असते पण हातात रोकड मर्यादित असते. लीगचा असाही नियम आहे की खेळाडूला पुढील वर्षांसाठी हमी दिलेल्या रकमेचा मोठा भाग आगाऊ बाजूला काढून ठेवावा लागतो. त्यामुळे सगळ्यांचा हिस्सा समान असूनही मोठे करार करताना कौटुंबिक मालक कचरतो. जमीन भरपूर आणि खिशात पैसा नाही अशी अवस्था आपल्याला अनोळखी नाही.

हरण्याने काहीच तोटा होत नाही का?

होतो. ग्रीन बेच्या त्याच वर्षीच्या एकूण ७१ कोटी ९१ लाख डॉलर उत्पन्नात सुमारे २८ कोटी ६५ लाख स्थानिक कमाई होती. तिकिटे, महागडी खासगी दालने, स्थानिक प्रायोजक यांतून येणारा हा पैसा संघ चांगला असेल तर वाढतो, वाईट असेल तर आटतो. बेंगल्सच्या पडत्या काळात सिनसिनाटीत रिकाम्या खुर्च्या सगळ्या देशाने टीव्हीवर पाहिल्या आहेत.

मात्र हा तोटा जिवावर बेतणारा नसतो. मालकापुढचा हिशेब असा असतो : आणखी दोन कोटी खर्च करून उत्तम निरीक्षक नेमले, तर चार वर्षांनी कदाचित संघ सुधारेल आणि कदाचित स्थानिक कमाई वाढेल. न नेमले, तर ते दोन कोटी आजच हातात राहतात. हंगामात फक्त १७ सामने असतात, एखाद्या दुखापतीने सगळे पारडे फिरते, म्हणजे पैसा ओतूनही यशाची खात्री नसते. उलट हात आखडणाऱ्याला नफ्याची खात्री असते. जिंकण्याची मनापासून इच्छा असलेला मालक पहिला मार्ग घेतो, पण तो त्याच्या स्वभावामुळे घेतो. त्याला तसे करायला भाग पाडणारे काही या रचनेत नाही.

मग विकून मोकळे का होत नाहीत?

कारण परमिटाची किंमत वाढतच आहे. राल्फ विल्सन यांनी १९५९ साली बफेलो बिल्स हा संघ २५ हजार डॉलर भरून सुरू केला. त्यांच्या निधनानंतर २०१४ मध्ये तो १४० कोटी डॉलरला विकला गेला, तोही सलग चौदा हंगाम बाद फेरी न पाहिलेला असताना. बफेलो हे लीगमधील सर्वांत लहान बाजारपेठांपैकी एक आहे. वॉशिंग्टनचा संघ डॅन स्नायडर यांनी १९९९ साली ८० कोटींना घेतला, त्यांच्या कारकिर्दीत मैदानावर आणि कार्यालयात दोन्हीकडे संघाची रया गेली आणि २०२३ साली त्यांनी तो ६०५ कोटींना विकला. चोवीस वर्षांच्या वाईट कारभाराचे हे मोल.

करांचे नियमही थांबण्याच्या बाजूने आहेत. संघ विकत घेणाऱ्याला खरेदीची बरीचशी किंमत पंधरा वर्षांत खर्च म्हणून दाखवता येते. जिवंतपणी संघ विकला तर वाढलेल्या किमतीवर भांडवली नफ्याचा कर बसतो, परंतु मालकाच्या निधनानंतर वारसाच्या हाती आलेल्या संघाची खरेदी किंमत कराच्या दृष्टीने त्या दिवसाच्या बाजारभावाइतकी धरली जाते आणि आधीची वाढ त्या कराच्या बाहेर राहते. वारसा कर वेगळा असतो आणि तो जड असतो, पण घराणी त्याची तजवीज आधीपासून करून ठेवतात. शिवाय देशात अब्जाधीश शेकड्यांनी आहेत आणि संघमालक बत्तीसच. ही प्रतिष्ठा विकून माणसाला दुसरे काय विकत घेता येणार?

बाकीचे मालक त्याला काढत का नाहीत?

नियमाने काढू शकतात, ३२ पैकी २४ मते लागतात. प्रत्यक्षात कामगिरी वाईट आहे म्हणून कोणालाही असे काढलेले नाही. स्नायडर यांनी संघ विकला तो कार्यालयातील गैरवर्तनाच्या आणि आर्थिक व्यवहारांच्या चौकशांचा दबाव असह्य झाल्यावर. कॅरोलायना पँथर्सचे संस्थापक जेरी रिचर्डसन यांनीही गैरवर्तनाचे आरोप प्रसिद्ध झाल्यावर २०१८ साली संघ विकला. लीगची अब्रू जाऊ लागली की हालचाल होते, सामने हरण्याने लीगची अब्रू जात नाही. कोणीतरी हरणारच आहे आणि तो कायम तोच असेल तर इतर ३१ जणांची त्याला विशेष हरकत नसते. आज वाईट कारभारासाठी दुसऱ्याला काढण्याचा पायंडा पाडला तर उद्या आपल्या मुलाचे काय, हा विचार घराणेशाहीच्या मालकांना सुचत नसेल असे मानणे भाबडेपणाचे आहे.

ग्रीन बेसारखी लोकमालकी का नाही?

पॅकर्सचे पाच लाखांहून अधिक भागधारक आहेत, त्यांना लाभांश मिळत नाही आणि संघ गावाबाहेर नेता येत नाही. ही व्यवस्था १९२३ पासूनची असल्यामुळे तिला अपवाद म्हणून जगू दिले आहे. इतरांना ती नियमानेच बंद आहे, कारण प्रत्येक संघाला मोठा हिस्सा असलेला एक प्रमुख मालक हवा अशी लीगची अट आहे. मात्र लोकमालकी ही रामबाण मात्रा समजू नये. १९६८ ते १९९२ या पंचवीस हंगामांत पॅकर्स केवळ दोनदा, १९७२ आणि १९८२ साली, बाद फेरीत गेले. संघ गावातच राहील याची हमी लोकमालकीने मिळाली, तो जिंकेल याची मात्र मिळाली नाही.

खालच्या श्रेणीत का ढकलत नाहीत?

हा आक्षेप युरोपीय फुटबॉल पाहणारे वाचक हटकून घेतात. वाईट मालकाला इंग्लंडमध्ये खरोखर शिक्षा होते, पण ती भोगते कोण हे बरीच्या उदाहरणावरून दिसते. मँचेस्टरजवळच्या या गावाचा बरी फुटबॉल क्लब १८८५ साली स्थापन झाला होता, त्याने दोनदा एफए कप ही इंग्लंडमधील मानाची स्पर्धा जिंकली होती. डिसेंबर २०१८ मध्ये तो एका पौंडाला नव्या मालकाकडे गेला आणि देणी भागवण्याची तजवीज दाखवता न आल्यामुळे ऑगस्ट २०१९ मध्ये तिथल्या इंग्लिश फुटबॉल लीगने त्याला बाहेर काढले. मालकाची गुंतवणूक बुडाली असेल वा नसेल, गावाचा संघ मात्र गेला.

नुसत्या बंद दाराने भागत नाही, हे पुण्याने पाहिलेले आहे. इंडियन सुपर लीगमध्येही खालच्या श्रेणीत जाण्याची भीती नव्हती, तरी २०१४ पासून खेळणारा एफसी पुणे सिटी २०१९ मध्ये बंद पडला आणि त्याची जागा हैदराबादच्या संघाने घेतली. त्या लीगमध्ये संघांना दरवर्षी फ्रँचायझी फी भरावी लागे आणि प्रक्षेपणाच्या पेटीत खर्च भागेल इतका पैसा नव्हता. मालकाच्या इतर उद्योगांना गळती लागताच संघाला आधार उरला नाही. आयपीएलची गोष्ट याच्या उलट आहे. २०२३ ते २०२७ या काळातील प्रक्षेपण हक्क ४८,३९० कोटी रुपयांना गेले आहेत आणि मध्यवर्ती उत्पन्नाची वाटणी होते, म्हणून तेथील तळाचे संघही एनएफएलच्या तळाच्या संघांसारखेच निर्धास्त असतात.

शहर भाडेकरू आहे की घरमालक?

शेवटचा आणि सर्वांत कडू भाग शहराचा आहे. लीग संघांची संख्या मुद्दाम अशी ठेवते की संघ हवा असलेले एखादे मोठे शहर नेहमी रिकामे राहावे. १९९५ ते २०१५ या काळात अमेरिकेतील दुसऱ्या क्रमांकाच्या लॉस एंजेलिस शहरात एकही एनएफएल संघ नव्हता आणि या रिकाम्या जागेकडे बोट दाखवून अनेक मालकांनी आपापल्या शहरांकडून स्टेडियमे पदरात पाडून घेतली.

सिनसिनाटीत १९९५ साली माइक ब्राउन यांनी बाल्टिमोरला जाण्याची भाषा केली. मार्च १९९६ मध्ये हॅमिल्टन काउंटीच्या मतदारांनी अर्धा टक्का विक्रीकर वाढवून फुटबॉल आणि बेसबॉल अशी दोन स्टेडियमे बांधण्यास मान्यता दिली. २००० साली फुटबॉलचे स्टेडियम उघडले. त्याच्या भाडेकरारात अशी कलमे होती की इतर स्टेडियमांत नव्या सोयी आल्या तर येथेही काउंटीने त्या स्वखर्चाने द्याव्यात आणि त्या यादीत तेव्हा अस्तित्वातही नसलेल्या, हवेत त्रिमित चित्र दाखवणाऱ्या यंत्रणेचाही उल्लेख होता. पुढे कराचे उत्पन्न अंदाजापेक्षा कमी पडले, घरमालकांना कबूल केलेली मालमत्ता करातली सूट कापावी लागली आणि काउंटीने आपले एक सार्वजनिक रुग्णालयही विकले. धरले तर चावते, सोडले तर पळते, अशी ही अवस्था होती. काउंटीने लीग आणि संघावर मक्तेदारीच्या कायद्याखाली दावा लावला, परंतु तो मुदतीत केलेला नाही म्हणून न्यायालयाने फेटाळला.

या कोंडीवर तोडगा काढण्याचा सर्वांत गंभीर प्रयत्न ओहायोनेच केला. १९९५ साली क्लीव्हलँड ब्राउन्स संघाचे मालक आर्ट मॉडेल यांनी संघ बाल्टिमोरला नेण्याची घोषणा केली, त्यानंतर राज्याने कायदा केला की करदात्यांच्या पैशाचा लाभ घेणाऱ्या संघाने शहर सोडण्यापूर्वी सहा महिन्यांची नोटीस द्यावी आणि त्या काळात स्थानिक लोकांना संघ विकत घेण्याची संधी द्यावी. लोक त्याला मॉडेल कायदा म्हणतात. मालकाला हात न लावता त्याच्या धमकीतली हवा काढणारा हा उपाय मला आजवरच्या उपायांत सर्वांत शहाणा वाटतो. २०१७ मध्ये ओहायोतल्याच कोलंबस शहराचा कोलंबस क्रू हा सॉकर संघ टेक्सासला नेण्याच्या हालचाली सुरू झाल्या तेव्हा राज्याचे महान्यायवादी माइक डिवाइन आणि कोलंबस शहर २०१८ मध्ये याच कायद्याच्या आधारे न्यायालयात गेले. पुढे संघ नव्या मालकांनी घेतला, तो तेथेच राहिला आणि २०२० साली त्याने आपल्या सॉकर लीगचे विजेतेपदही मिळवले.

त्या नव्या मालकांपैकी हॅस्लम कुटुंब हे आजच्या क्लीव्हलँड ब्राउन्सचेही मालक आहे. ब्राउन्सला क्लीव्हलँड शहराबाहेर, जवळच्या ब्रुक पार्क या उपनगरात नवे स्टेडियम हवे होते आणि शहराने त्यांना अडवण्यासाठी मॉडेल कायद्याचाच आधार घेतला. जून २०२५ च्या अखेरीस ओहायोच्या अर्थसंकल्पात या स्टेडियमसाठी ६० कोटी डॉलरची तरतूद झाली आणि त्याच विधेयकात मॉडेल कायदाही बदलला. संघ राज्याबाहेर जात असेल तरच तो लागू होईल, असे आता त्यात म्हटले आहे. त्या विधेयकावर सही करणारे राज्यपाल माइक डिवाइन हेच होते.